बिशपसाहेबांची बारनिशी

नोकरीची पहिली नऊ वर्षं मी बारनिशीला होते. कचेरीत काम न केलेल्यांना हा शब्द कदाचित ठाऊक नसेल, म्हणून सांगते. बाहेरून आलेलं प्रत्येक पत्र आधी बारनिशीत येतं. तिथं त्याच्यावर तारखेचा शिक्का बसतो, आवक क्रमांक पडतो, आणि जाड रजिस्टरात एक ओळ लिहिली जाते: कोणाकडून आलं, विषय काय, कोणत्या टेबलाला दिलं. बाहेर जाणाऱ्या पत्राचंही तसंच. आमची शिक्षणसंस्था होती, त्यामुळे विषय ठरलेले. छपराची गळती. थकलेलं वेतनेतर अनुदान. दोन मुख्याध्यापकांचं भांडण. ‘सदर कर्मचारी माझ्या नियंत्रणाखाली आहेत किंवा कसे, याचा खुलासा व्हावा.’

त्या नऊ वर्षांनी एक खोड लागली. कुणाचंही जुनं पत्र हातात आलं की मी ते शेवटाकडून वाचते. आधी तारीख, मग ठिकाण, मग कुणाला लिहिलंय, मग त्याची पोच आली का. मजकूर सगळ्यात शेवटी.

निवृत्तीनंतर ठाण्याच्या जुन्या गॅझेटिअरची पानं अशीच चाळत होते. १८२५ साली एक बिशप इथं येऊन गेला, त्यानं इथल्या सेंट जेम्स चर्चची प्रतिष्ठापना केली, असं त्यात वाचलं. हा गृहस्थ ठाण्याबद्दल काय लिहितो, तर गाव नेटकं आहे, वस्ती बरीचशी रोमन कॅथलिकांची आहे, आणि इथली डुकरं व इथं मुरवलेलं खारं मांस प्रसिद्ध आहे. जन्म ठाण्यात गेला, तलावांचं कौतुक ऐकून कान किटले, पण ठाण्याची ही ख्याती मला कुणी सांगितली नव्हती. म्हटलं, हा माणूस बघायला हवा. मग त्याची पत्रं शोधली. त्याच्या बायकोनं, अमेलियानं, नवऱ्याच्या मृत्यूनंतर ती गोळा करून १८३० साली दोन खंडांत चरित्राबरोबर छापली होती. आता ती घरबसल्या वाचता येतात.

रेजिनाल्ड हीबर. जन्म १७८३, ऑक्सफर्डला शिकलेला, तरुणपणी कवितेसाठी बक्षीस मिळवलेला, पुढं श्रॉपशरमधल्या हॉडनेट नावाच्या खेड्यात पाद्री. त्यानं लिहिलेली भजनं आजही जगभरच्या चर्चमध्ये म्हणतात. त्यातल्याच एका भजनात सिलोनचा निसर्ग देखणा पण माणूस तेवढा नीच, अशा अर्थाची ओळ आहे आणि ती गांधीजींना फार लागली होती. ती ओळ त्यानं १८१९ साली लिहिली, हिंदुस्थान बघायच्या आधी. ते तिथंच सोडते. माझं काम पत्रांशी.

कलकत्त्याची बिशपची गादी १८१३ च्या सनदी कायद्यानं निर्माण झाली. पहिला बिशप मिडलटन १८२२ च्या जुलैत वारला. हीबरचा जुना मित्र चार्ल्स विन तेव्हा लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या बोर्डाचा अध्यक्ष होता. त्यानं हीबरला जागा देऊ केली. हीबरनं दोनदा नकार कळवला. पहिली मुलगी लहानपणीच गेलेली, दुसरी तान्ही, आणि हिंदुस्थानची हवा म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत. पण नंतर त्यानं स्वतःच पत्र लिहून नकार मागे घेतला. नियुक्तीच्या फायलीत असं पत्र मी एकदाच पाहिलंय. ते आलं तेव्हा जागा भरून गेली होती. हीबरचं नशीब म्हणा किंवा दुर्दैव, त्याची जागा रिकामीच होती.

१८२३ च्या ऑक्टोबरात तो कलकत्त्याला पोचला. त्याचं कार्यक्षेत्र ऐकून मला आमच्या जिल्हा तपासनीसांची दया येईनाशी झाली. सगळा कंपनी-मुलूख, सिलोन, आणि पुढच्याच वर्षी त्यात न्यू साउथ वेल्सची भर. म्हणजे सिडनीच्या पाद्र्यांचा साहेब कलकत्त्यात. विलायतेला पत्र आफ्रिकेला वळसा घालून जायचं, पाच-सहा महिने लागायचे. उत्तर यायला वर्ष. आपण विचारलेला प्रश्न काय होता तेही तोवर माणूस विसरत असेल.

आणि प्रश्न तरी कसले! बाहेरच्याला वाटेल बिशपच्या पत्रांत देव, पाप, मोक्ष असेल. तेही आहे. पण पानंच्या पानं आहेत ती कोण कुणाच्या हाताखाली, याची. कंपनीच्या छावणीतला पाद्री पगार कंपनीकडून घेणार, राहणार कर्नलच्या अखत्यारीत, आणि धर्माच्या बाबतीत ऐकणार बिशपचं. रविवारची प्रार्थना किती वाजता, यावरसुद्धा कर्नल आणि पाद्री यांच्यात जुंपू शकते. मिशनऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. त्यांना संस्था पाठवायच्या, पगार संस्था द्यायच्या, मग त्यांना परवाना देण्याचा अधिकार बिशपला आहे का? मिडलटन अतिशय कायदेशीर माणूस. आपल्या सनदेत स्पष्ट लिहिलेलं नाही म्हणून त्यानं मिशनऱ्यांना परवाने दिले नाहीत आणि एतद्देशीय माणसाला पाद्रीपदाची दीक्षाही दिली नाही. जे कागदावर नाही ते माझ्याकडे नाही. असा साहेब मला माहीत आहे. सज्जन असतो आणि त्याच्या काळात एकही काम होत नाही.

हीबर यायच्या सुमारास, १८२३ मध्ये, पार्लमेंटनं कायदा करून ही गाठ सोडवली. त्यानं लगेच, १८२४ साली, ख्रिश्चन डेव्हिड या तमिळ माणसाला दीक्षा दिली. तंजावरच्या श्वार्ट्झ मिशनऱ्याच्या हाताखाली वाढलेला, जाफन्यात काम करणारा हा माणूस अँग्लिकन चर्चचा पहिला हिंदी पाद्री. अकरा वर्षं अडलेला कागद सहा-आठ महिन्यांत हलला. माझा हीबरवर लोभ जडला तो तिथं.

१८२४ च्या जूनमध्ये तो कलकत्त्याहून होडीनं निघाला. बायको-मुलं मागे ठेवून. महिनाभरात ढाक्याला त्याचा सोबती पाद्री स्टो वारला. काशी, लखनौ, अल्मोडा, दिल्ली, जयपूर, बडोदा असं करत तो १८२५ च्या एप्रिलात मुंबईला पोचला. अमेलिया मुलीला घेऊन समुद्रमार्गे तिथं आली. दहा महिन्यांनी भेट. वाटेत तो तिच्यासाठी जी रोजनिशी लिहीत होता तीच पुढं छापली गेली. त्या वहीत हत्ती, घाट, नवाब, बंड झालेली गावं असं सगळं आहे. सरकारी पत्रांतला हीबर आणि त्या वहीतला हीबर एकच माणूस वाटत नाही. मला दोघंही खरे वाटतात. मीसुद्धा दिवसभर ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ लिहून घरी आल्यावर बहिणीला पत्र लिहायचेच की.

मुंबईत तेव्हा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. धर्माच्या बाबतीत तो थंड आहे अशी कुजबुज होती, तरी हीबरनं त्याचं मनापासून कौतुक करून ठेवलंय. मुंबईचा आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा मुख्य पाद्री, जॉर्ज बार्न्स याच्या पुढाकारानं १८१५ साली गरीब मुलांसाठी शिक्षणसंस्था निघाली होती. तिच्या भायखळ्याच्या शाळेची पायाभरणी हीबरच्या हस्ते झाली. देवळालीच्या शाळेला नाव आहे ते ह्याच बार्न्सचं. याच संस्थेच्या छापखान्यात पुढं, १८५७ साली, मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती छापली गेली. ‘बारनिशी’ शब्दाचं मूळ बघायला मी तोच कोश उघडला होता. अशा गोष्टींनी मला उगाच आनंद होतो.

त्या पावसाळ्यात तो बोरघाट चढून पुण्याला गेला. वाटेत कार्ल्याची लेणी पाहिली, पुण्यात छावणीतल्या सेंट मेरी चर्चची प्रतिष्ठापना केली. शनिवारवाडा तेव्हा उभा होता. जळाला तो तीन वर्षांनी. पेशवाई जाऊन जेमतेम सात वर्षं झालेली. प्रतिष्ठापना म्हणजे नुसती प्रार्थना नव्हे. आधी विनंतीअर्ज वाचायचा, मग सगळी जागा देवकार्यासाठी कायमची दिल्याचा लेख वाचायचा, मग बिशपनं सही करायची, मग तो दप्तरात. मला हे भारी आवडलं. देवालासुद्धा सातबारा लागतो.

पुण्यातच त्याचा धागा थॉमस रॉबिन्सनशी जुळला. हा आधी शिरूरच्या आणि मग पुण्याच्या छावणीत पाद्री होता, आणि फावल्या वेळात जुन्या कराराचं फारसी भाषांतर करायचा. घोडनदीकाठी बसून फारसी बायबल लिहिणारा माणूस! हीबरनं त्याला आपल्या सोबत घेतलं. हीबरचे शेवटचे दिवस आपल्याला इतके बारकाईनं कळतात ते या रॉबिन्सनमुळे.

मुंबईतच हीबरची गाठ मार अथानासियस यांच्याशी पडली. अँटिऑकच्या सीरियन चर्चनं मलबारसाठी पाठवलेले हे धर्माध्यक्ष. दोन वेगळ्या चर्चचे दोन बिशप, पण हीबरनं त्यांना मानानं वागवलं. पुढं मार अथानासियस केरळात गेले आणि तिथल्या धर्माध्यक्षांशी त्यांचं वाजलं. १८२६ च्या मार्चमध्ये हीबरनं त्यांना एक लांब, नम्र, समजुतीचं पत्र लिहिलं. रॉबिन्सननं त्याचं सीरियाकमध्ये, म्हणजे त्या चर्चच्या धर्मभाषेत, भाषांतर केलं. पण तोवर त्रावणकोरच्या सरकारनं मार अथानासियसना राज्याबाहेर काढलेलं होतं. आमच्याकडे असं पाकीट परत आलं की त्यावर ‘मालक गावी नाही’ असा शेरा असायचा.

आता दक्षिणेचा शेवटचा दौरा. १८२६ च्या जानेवारीअखेर तो कलकत्त्याहून जहाजानं निघाला. मद्रास, मग खाली तंजावर. इथं मी जरा रेंगाळणार, कारण तंजावर आपलं. भोसल्यांचे सरफोजी महाराज तेव्हा पन्नाशीला आलेले. राज्य १७९९ लाच कंपनीनं घेतलेलं, हातात उरला किल्ला, ग्रंथालय आणि अफाट कुतूहल. ह्याच राजानं १८०६ साली इसापच्या गोष्टी मराठीत करवून आपल्या छापखान्यात छापल्या होत्या. मुंबई-पुण्यात मराठी पुस्तकांच्या छपाईचा पत्ता नसताना! लहानपणी त्यांना श्वार्ट्झनं शिकवलं. गुरू वारल्यावर राजानं त्याचं संगमरवरी स्मारक इंग्लंडहून करवून आणलं आणि त्यावर कोरायला स्वतः इंग्रजीत ओळी रचल्या.

हीबर चार दिवस त्यांच्या सहवासात होता. मित्राला पत्र लिहिताना तो जणू स्वतःलाच चिमटा काढून बघतो. हा हिंदू राजा लाव्हाझिए, लिनियस आणि बुफाँ या युरोपी शास्त्रज्ञांचे दाखले सहज देतो, शेक्सपिअरबद्दल त्याचं मत कवी बायरनपेक्षा नेमकं आहे, घोड्याची पारख उत्तम, आणि वाघावर नेम धरला की हात हलत नाही. राजपुत्र शिवाजीला शिक्षणासाठी आपल्याबरोबर पाठवा, असंही हीबरनं सुचवलं. राजा तयार होता. राणीसाहेबांनी पोराच्या प्रकृतीचं कारण देऊन नकार दिला. पुढं पंधरा दिवसांच्या आत काय झालं ते बघता आईचं मन बरोबर होतं म्हणायचं.

पण तंजावरला पोचायच्या आधी, २१ मार्चला, चिदंबरमच्या मुक्कामातून त्यानं एक पत्र पाठवलं होतं. त्रिचनापल्लीचे मिशनरी श्रायफोगल यांना. माझा हा सगळा खटाटोप त्या एका पत्रापायी.

विषय जातीचा. तंजावर-त्रिचनापल्लीकडच्या ख्रिस्ती मंडळींत वरच्या जातीचे वेल्लाळ आणि अस्पृश्य मानलेले परय्यर हा भेद बाप्तिस्म्यानं पुसला गेला नव्हता. जुन्या मिशनऱ्यांनी तो चालू दिला, नव्यांना तो खुपत होता. बंदी घालायची की नाही? हीबर आधी मुद्दे मांडतो, तेही किती स्वच्छ! भेद चार ठिकाणी दिसतो: चर्चमध्ये बसायच्या जागा वेगळ्या, प्रभुभोजनाला पुढं यायची वेळ वेगळी, शाळेत मुलांच्या बाजू वेगळ्या, आणि एकमेकांबरोबर खाणंपिणं नाही. मग तो विचारतो, हे भेद ही मंडळी धर्माचा भाग म्हणून पाळतात, की नुसती समाजातली प्रतिष्ठेची रीत म्हणून? रीत असेल तर युरोपातही उमराव आणि मजूर एका बाकावर बसत नाहीत, मग इथं तरी आपण किती ताणायचं? पापाकडे डोळेझाक करू नये हे खरं, पण ख्रिस्तानं जे दार अरुंद ठेवलं ते आपण आणखी अरुंद करू नये.

किती समंजस, किती मऊ. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते पत्र फारच आवडलं. दुसऱ्यांदा वाचताना पोटात कालवलं.

एक तर मला नडियाद आठवलं. बरोबर एक वर्ष आधी, १८२५ च्या मार्चमध्ये, गुजरातेत त्याची स्वामिनारायण पंथाच्या सहजानंद स्वामींशी भेट झाली होती. दोघांबरोबर हत्यारबंद घोडेस्वार, दोन धर्मगुरू समोरासमोर. हीबरनं त्यांना जातीबद्दल विचारलं. स्वामी म्हणाले, ही गोष्ट मला फार मोठी वाटत नाही, पण लोकांची मनं दुखवायची नाहीत. इथं कुणी वेगळं जेवो की एकत्र, ‘ऊपर’ हा भेद राहणार नाही. आणि बोट आकाशाकडे केलं. हीबरनं ते वहीत टिपून ठेवलं, एकूण भेटीबद्दल थोडा नाराजही झाला. वर्षभरानं चिदंबरमच्या तंबूत बसून त्यानं तेच बोट ‘ऊपर’ केलं. फक्त इंग्रजीत आणि चार मुद्द्यांत.

दुसरं कारण माझं आहे.

बारनिशीतून मी आस्थापना टेबलावर गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी संस्थेच्या एका तालुक्यातल्या शाळेतून एका शिपाई बाईंचा अर्ज आला. स्टाफरूममधल्या माठाला त्यांना हात लावू देत नाहीत, चहाचा कप वेगळा, खिडकीत उपडा घातलेला. दोन ओळींचा अर्ज, अक्षर शाळकरी मुलाचं, बहुधा त्यांच्या लेकाचं. साहेब म्हणाले, पत्र तयार करा, खुलासा मागवू. मी तयार केलं. मला मसुदा चांगला जमायचा. चार मुद्दे होते. सदर व्यवस्था कधीपासून अस्तित्वात आहे? ती लेखी आदेशान्वये आहे काय? संबंधितांनी यापूर्वी तोंडी हरकत घेतली होती काय? मुख्याध्यापकांचा अभिप्राय काय? साहेबांनी एकही शब्द न बदलता सही केली आणि मला बरं वाटलं.

कायदा स्वच्छ होता. विचारण्यासारखं त्यात काहीही नव्हतं. मुख्याध्यापकांचा अभिप्राय दीड महिन्यानं आला: सदर बाब केवळ सोयीची व्यवस्था असून त्यात भेदभावाचा हेतू नाही. सोयीची व्यवस्था. हीबरच्या शब्दांत, नुसती रीत. पुढं त्या बाईंची ‘विनंतीवरून’ बदली झाली आणि मी फायलीवर लिहिलं, ‘नस्तीबद्ध करावे’, म्हणजे प्रकरण बंद. माझ्याच हातानं.

हीबरची आणि माझी बरोबरी नाही, हे मला कळतं. त्याच्या हाताशी कायदा नव्हता, भाषा येत नव्हती, देशात येऊन अडीच वर्षं झाली होती. न विचारता हुकूम काढणारे साहेबही काही थोडे नव्हते, आणि त्यांच्यापेक्षा विचारणारा साहेब कधीही बरा. पण ते चार मुद्दे पुन्हा वाचा. त्यात एक प्रश्न नाही. मागच्या बाकावर बसणाऱ्या परय्यर माणसाला काय वाटतं, हे कुणी विचारायचं? भेद पाळणाऱ्यांच्या मनात काय आहे याचीच सगळी चौकशी. माझ्या मसुद्यातही त्या बाईंना एकच प्रश्न होता, तोही तुम्ही आधी का बोलला नाहीत अशा थाटाचा.

हीबरनं मिशनऱ्यांची समिती नेमली आणि पुढं गेला. समिती! हीबरनंतरचे दोन बिशप, जेम्स आणि टर्नर, हवेनं भराभर नेले. नऊ वर्षांत चार बिशप गेले. मग १८३२ साली डॅनियल विल्सन आला. करडा, हेकट, विनोदाचं वावडं असलेला. त्याच्याबरोबर चहा प्यायला मी गेले नसते. त्यानं ५ जुलै १८३३ ला पत्रक काढलं: जातिभेद सोडलाच पाहिजे, ठामपणे, ताबडतोब आणि कायमचा. ना मुद्दे, ना खुलासा. मद्रासमधल्या वेपेरीच्या आणि तंजावरच्या चर्चमधून माणसं उठून गेली, कुटुंबं फुटली. सरफोजींच्या दरबारचे नामांकित ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री जुन्या रिवाजाच्या बाजूनं उभे राहिले. पत्रकानं जात गेली असंही नाही. ती अजून तिथल्या चर्चमध्ये आहे, दफनभूमीतसुद्धा आहे. तरी दोन पत्रं शेजारी ठेवली तर मला हीबर आवडतो आणि बरोबर विल्सन वाटतो. हे मला अजून नीट पचलेलं नाही.

तंजावरात २६ मार्चला ईस्टर झाला. हीबरनं तमिळ मंडळींना तमिळमधून आशीर्वाद दिला, त्यासाठी शब्द पाठ केले होते. मग तो त्रिचनापल्लीला गेला, म्हणजे ज्या गावी ते पत्र पाठवलं होतं तिथंच. इथलं जुनं मिशन अगदी डबघाईला आलेलं. ३ एप्रिलला सोमवारी पहाटे किल्ल्यातल्या चर्चमध्ये त्यानं तमिळ ख्रिस्ती लोकांचा दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्मा पक्का करण्याचा, विधी केला. लोकांनी गराडा घातला, आम्हाला पाद्री द्या म्हणाले. उन्हं चढायच्या आत तो मुक्कामी परतला. रॉबिन्सनशी थोडं बोलला, आपल्या खोलीत गेला. सकाळच्या प्रवचनाचा कागद खिशात होता. प्रवचन झालं की कागदाच्या पाठीवर ठिकाण आणि तारीख टाकायची, ही त्याची नेहमीची सवय. बसून त्यानं लिहिलं: त्रिचनापल्ली, ३ एप्रिल १८२६. मग आवारातल्या हौदावर आंघोळीला गेला. बराच वेळ आवाज आला नाही म्हणून नोकरानं दार उघडलं, तेव्हा तो पाण्यात होता. त्रेचाळिसावा वाढदिवस अठरा दिवसांवर आला होता.

चिदंबरमच्या पत्राला तेरा दिवस झाले होते.